विश्लेषण : ट्रक निघतो, माल पोहोचतच नाही… खाद्यमालाच्या चोरीचा नवा धंदा नेमका चालतो कसा?

टोमॅटो, कांदा, पिस्ते, चीज, अंडी. सोन्याच्या दुकानावर दरोडा पडला तर बातमी होते, पण रस्त्याने जाणारा खाण्याचा माल गायब होण्याचे प्रमाण जगभर वाढते आहे आणि त्याची दखल मात्र तुरळक घेतली जाते. या चोऱ्यांत दरवेळी पिस्तूल किंवा चाकू लागतो असेही नाही. अनेकदा बनावट कागदपत्रे आणि एक फोन पुरतो. भारतात या चोरीचे स्वरूप थोडे वेगळे आहे आणि त्याचा फटका बहुतेक वेळा विमा नसलेल्या शेतकऱ्याला, नाही तर एक-दोन ट्रकच्या मालकाला बसतो.

अलीकडे कोणत्या चोऱ्या गाजल्या?

ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनमधील ‘नील्स यार्ड डेअरी’ या प्रसिद्ध चीज विक्रेत्याकडून तब्बल २२ टन चेडर चीज लांबवण्यात आले. कापडात गुंडाळून मुरवलेल्या ९५० चकत्या, किंमत तीन लाख पौंडांहून अधिक. गोदाम फोडले गेले नव्हते. फ्रान्समधील एका बड्या विक्रेत्याचा घाऊक वितरक असल्याचे भासवून ऑर्डर देण्यात आली, माल रीतसर रवाना झाला आणि समोरची व्यक्ती बनावट असल्याचे कळेपर्यंत चीज हाती राहिले नव्हते. पैसे बुडाले तरी या कंपनीने चीज बनवणाऱ्या छोट्या उत्पादकांची बिले चुकती केली, हे मुद्दाम नोंदवायला हवे.

अमेरिकेत बर्ड फ्लूमुळे अंड्यांचे भाव कडाडले असताना, १ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका वितरण केंद्राबाहेर उभ्या असलेल्या ट्रेलरमधून सुमारे एक लाख अंडी चोरीला गेली. किंमत ४० हजार डॉलर. जून २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील टुलारे परगण्यात ४२ हजार पौंड, म्हणजे सुमारे १९ टन पिस्ते गायब झाले. हिशेब तपासणीत तूट दिसल्यावर शोध सुरू झाला, तेव्हा जवळच्या डेलानो गावातील एका वाहनतळावर ट्रेलर सापडला. तिथून माल आणखी एका ठिकाणी हलवून मोठ्या पोत्यांतले पिस्ते छोट्या पिशव्यांत भरायला सुरुवातही झाली होती.

युरोपात तर चॉकलेट हा चोरांचा आवडता माल. ऑगस्ट २०१७ मध्ये जर्मनीतील हेसन प्रांतातून न्युटेला आणि किंडर चॉकलेटने भरलेला २० टनांचा शीतवाहक ट्रेलर पळवण्यात आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडमधील टेलफर्डच्या औद्योगिक वसाहतीतून एकाने चोरीचे ट्रॅक्टर युनिट जोडून दोन लाख ‘क्रीम एग’ चॉकलेटांचा ट्रेलर ओढून नेला. तो महामार्गावरच पकडला गेला आणि त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. समाजमाध्यमांवर या बातमीची भरपूर थट्टा झाली. माल कंपनीचा आणि चॉकलेटचा असला की चोरीही गमतीची वाटू लागते. टोमॅटोच्या गाडीबाबत तसे वाटत नाही, कारण तिथे कुणाचा तरी हंगाम गेलेला असतो.

हे किती मोठे आहे?

अमेरिका आणि कॅनडातील मालचोरीच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘कार्गोनेट’ या संस्थेकडे २०२४ मध्ये ३,६२५ घटना नोंदल्या गेल्या. आदल्या वर्षीपेक्षा २७ टक्के अधिक. अंदाजे नुकसान ४५ कोटी डॉलरच्या वर. कॅलिफोर्निया, टेक्सास आणि इलिनॉय ही राज्ये यात आघाडीवर असतात आणि खाद्यपदार्थ व पेये हा सर्वाधिक चोरल्या जाणाऱ्या मालांपैकी एक असतो. ब्रिटनमधील वाहनगुन्हे विभागाच्या नोंदींनुसार तिथे २०२३ मध्ये ६.८ कोटी पौंडांचा माल चोरीस गेला होता. २०२४ मध्ये हा आकडा ११.१ कोटी पौंडांवर पोहोचला. प्रत्यक्ष आकडा याहून मोठा असणार, कारण नाव खराब होईल किंवा विम्याचा हप्ता वाढेल या धास्तीने अनेक कंपन्या तक्रारच करत नाहीत.

भारतात चित्र आणखी धूसर आहे. ट्रक पळवला तर तो दरोडा किंवा जबरी चोरी, चालकाने माल विकला तर विश्वासघात, बनावट कागदपत्रांवर माल नेला तर फसवणूक. गुन्हा एकाच प्रकारचा, पण पोलीस ठाण्याच्या वहीत तो तीन-चार वेगवेगळ्या कलमांखाली विखुरलेला असतो. त्यामुळे ‘या वर्षी किती टन कांदा वाटेत गायब झाला’ या साध्या प्रश्नाचे उत्तर जुळवणे कठीण होऊन बसते.

चोरांना अन्नच का हवे असते?

मोबाइल फोनला आयएमईआय क्रमांक असतो, टीव्हीला अनुक्रमांक, गाडीला चासी क्रमांक. कांद्याला काय असते? गोणी बदलली की नाशिकचा कांदा कुणाचाही होतो. सोललेले काजू, सुटी साखर, डाळ, खाद्यतेल यांचेही तेच. शिवाय हा माल विकण्यासाठी चोरबाजार शोधावा लागत नाही. कुठल्याही बाजार समितीत पहाटे उभा राहिलेला ट्रक संशयास्पद वाटत नाही. भाव थोडा कमी सांगितला की तासाभरात माल उतरतो.

आणि आठवडाभरात पुरावा लोकांच्या पोटात गेलेला असतो. चोरीचा लॅपटॉप वर्षभरानेही सापडू शकतो, चोरीचा टोमॅटो सापडत नाही. तपासासाठी मिळणारा वेळ मालाच्या टिकण्याइतकाच असतो.

भावाचा संबंध तर उघडच आहे. एरवी कुणी वळून न पाहणारी वस्तू भाव चढताच चोरीयोग्य बनते. अंड्यांचे अमेरिकेत झाले तेच टोमॅटोचे २०२३ च्या जुलैत आपल्याकडे झाले. त्या महिन्यात जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव मिळत होता. दोन टनांचा छोटा टेम्पो म्हणजे दोन लाखांचा ऐवज, तोही उघड्या हौद्यात, दोरीने बांधलेला.

परदेशात माल नेमका कसा उचलला जातो?

जुनी पद्धत सरळ होती. विश्रांतीसाठी उभा केलेला ट्रक किंवा ट्रेलर हेरायचा, कुलूप तोडायचे आणि ओढून न्यायचा. सुट्टीला जोडून येणारे शनिवार-रविवार त्यासाठी सोयीचे, कारण सोमवारपर्यंत कुणी विचारत नाही. ही पद्धत संपलेली नाही. पण गेल्या काही वर्षांत वाढली आहे ती डोके वापरून केलेली चोरी.

अमेरिकेत मालवाहतुकीची बहुतांश कामे आता ऑनलाइन फलकांवर ठरतात. माल पाठवणारी कंपनी दलालाला सांगते, दलाल फलकावर काम टाकतो, वाहतूकदार ते उचलतो. कुणी कुणाला भेटत नाही. चोर या साखळीत नाव बदलून शिरतात. एखाद्या खऱ्या वाहतूक कंपनीचा परवाना क्रमांक वापरायचा, तिच्या ईमेल पत्त्याशी एका अक्षराचा फरक असलेला पत्ता तयार करायचा, किंवा बंद पडत आलेली छोटी कंपनीच तिच्या परवान्यासकट विकत घ्यायची. मग काम मिळवायचे आणि तेच काम दुसऱ्या, खऱ्याखुऱ्या चालकाला पुन्हा द्यायचे. हा चालक प्रामाणिक असतो. तो माल भरतो आणि वाटेत त्याला फोन येतो : ‘पत्ता बदलला आहे, माल अमुक गोदामात उतरव.’ तो उतरवतो. आपण चोरीत सहभागी झालो हे त्याला पोलीस दारात आल्यावर कळते.

नोव्हेंबर २०२४ मधील टकिला चोरी हे याचे गाजलेले उदाहरण. प्रसिद्ध शेफ गाय फिएरी आणि गायक सॅमी हॅगर यांच्या ‘सँटो’ या ब्रँडच्या २४ हजारांहून अधिक बाटल्या मेक्सिकोतून टेक्सासमार्गे पेनसिल्व्हेनियाला निघाल्या होत्या. दोन ट्रक, दहा लाख डॉलरचा माल. गाड्यांचे जीपीएस स्थान ठरल्या मार्गावर सरकताना दिसत होते. एका ट्रकचा पाण्याचा पंप बिघडल्याने उशीर होईल असा निरोपही आला. प्रत्यक्षात काम परस्पर पुन्हा वाटले गेले होते, जीपीएसचे स्थान बनावट होते आणि ट्रक पेनसिल्व्हेनियाऐवजी लॉस एंजेलिसच्या दिशेने गेले होते. एका ट्रकमधील बराचसा माल पुढे तिथल्या गोदामात सापडला. नकाशावर सरकणारा ठिपका म्हणजेच ट्रक, हा समज या प्रकरणाने मोडीत काढला.

भारतात टोमॅटो-कांद्याबाबत काय घडले?

८ जुलै २०२३. कर्नाटकातील चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या हिरियूरहून कोलारच्या बाजाराकडे टोमॅटोची एक गाडी निघाली होती. बेंगळूरुजवळ कारमधून आलेल्या टोळीने ‘आमच्या गाडीला धक्का दिलास’ असे म्हणत ती अडवली. भरपाई मागितली, मारहाण केली आणि पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर टोमॅटोसकट गाडीच पळवली. सुमारे अडीच टन माल, किंमत अडीच लाखांच्या घरात. तो तमिळनाडूत नेऊन विकण्यात आला. पुढे पोलिसांनी तमिळनाडूतील एका दाम्पत्याला या प्रकरणी अटक केली.

त्याच महिन्याच्या अखेरीस कोलारहून जयपूरला निघालेला ११ टन टोमॅटोचा ट्रक वाटेत ‘हरवला’. किंमत सुमारे २१ लाख रुपये. चालकाचा फोन बंद. काही दिवसांनी तपासात समोर आले ते असे, की दरोडा पडलाच नव्हता. चालकाने माल परस्पर गुजरातमध्ये विकला होता.

कांद्याची गोष्ट २०१९ च्या नोव्हेंबरमधली. अवकाळी पावसाने पीक गेल्यामुळे कांदा शंभरीकडे निघाला होता, निर्यातबंदी लागू होती, सरकार तुर्कस्तान-इजिप्तमधून आयात करण्याच्या तयारीत होते. नाशिकहून गोरखपूरला निघालेला, सुमारे २० ते २२ लाख रुपयांचा कांदा भरलेला ट्रक ठरलेल्या दिवशी पोहोचलाच नाही. उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात तो सापडला, तेव्हा हौदा रिकामा होता.

तीन प्रकरणे, तीन तऱ्हा. पहिल्यात रस्त्यावरची दांडगाई, दुसऱ्यात चालकाचा विश्वासघात, तिसऱ्यात फक्त रिकामा ट्रक. भारतात सर्वाधिक डोकेदुखी कशाची, असे वाहतूक व्यवसायात विचारले तर उत्तर बहुधा दुसऱ्या तऱ्हेचे मिळते.

आपल्याकडे साखळीतला कच्चा दुवा कुठे आहे?

नाशिकच्या व्यापाऱ्याला उत्तर प्रदेशात कांदा पाठवायचा असतो, तेव्हा तो ट्रक कसा ठरवतो? तो हुंडेकऱ्याला, म्हणजे वाहतूक दलालाला फोन करतो. हुंडेकरी ट्रक टर्मिनलवर उभ्या गाड्यांतून, व्हॉट्सअ‍ॅप गटावरून किंवा एखाद्या अ‍ॅपवरून गाडी शोधतो. परतीचे भाडे हवे असलेला परराज्यातला ट्रक स्वस्तात मिळतो. भाडे ठरते, आगाऊ रक्कम दिली जाते, उरलेली पोहोचपावती आल्यावर द्यायची असते. कागदपत्रे म्हणून नोंदणी पुस्तकाचा आणि चालकाच्या परवान्याचा फोटो मोबाइलवर येतो. तासाभरात हमाल माल चढवायला लागतात.

इथे तीन अनोळखी माणसे दहा-वीस लाखांच्या मालाचा व्यवहार केवळ एका फोटोवर करत असतात. फोटोतला नोंदणी क्रमांक खरा असू शकतो, पण तो समोर उभ्या असलेल्या ट्रकचाच आहे, हे चासी क्रमांक ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्याच गाडीचा क्रमांक रंगवलेला ट्रक माल भरून निघून जातो. पोलीस खऱ्या क्रमांकाच्या मालकाकडे पोहोचतात, तेव्हा त्याचा ट्रक भलत्याच राज्यात सिमेंट वाहत असतो.

घाई ही या व्यवहाराची अडचण आहे. लोखंडी सळया चार दिवस थांबू शकतात. भाजीपाला थांबत नाही. त्यामुळे ओळखीचा हुंडेकरी, ओळखीची गाडी हा जुना भरवसा हंगामाच्या गर्दीत सर्वात आधी बाजूला पडतो. देशातील बहुसंख्य ट्रकमालकांकडे पाचपेक्षा कमी गाड्या आहेत, हेही लक्षात घ्यायला हवे. एवढ्या विखुरलेल्या व्यवसायात कुणी कुणाची खातरजमा करायची?

यात करप्रणालीतली एक फट आहे. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल नेताना जीएसटीखाली ई-वे बिल लागते; आंतरराज्य वाहतुकीसाठी ते १ एप्रिल २०१८ पासून लागू झाले. त्यात गाडीचा क्रमांक, माल, पाठवणारा, घेणारा यांची नोंद होते. पण ताजी फळे, भाज्या, सुटे धान्य यांसारखा करमुक्त माल ई-वे बिलातून वगळलेला आहे. शेतकरी आणि व्यापाऱ्यांच्या मागे कागदांचे झेंगट नको म्हणून दिलेली ही सवलत योग्यच. तिचा दुसरा परिणाम असा, की बिस्किटांच्या ट्रकची सरकारी संगणकावर खूण राहते आणि कांद्याच्या ट्रकची राहत नाही.

ट्रक न पळवताही माल चोरला जातो का?

जातो, आणि एकूण पाहता हाच प्रकार अधिक नित्याचा आहे. घाटात किंवा खराब रस्त्यावर वेग मंदावला की मागून येणारे मालावर चढतात, ताडपत्री फाडतात आणि गोण्या, खोकी रस्त्याच्या कडेला टाकत जातात. खाली साथीदार गोळा करत येतात. सोलापूर-धुळे महामार्गावर धाराशिव आणि बीड जिल्ह्यांत अशा घटना वारंवार घडल्या आहेत. पुढे केबिनमध्ये बसलेल्या चालकाला पत्ता लागतो तो पुढच्या ढाब्यावर.

वजनकाट्याची हातचलाखी वेगळीच. वाटेत चार-पाच पोती उतरवायची आणि उरलेल्या धान्यावर पाणी मारून वजन भरून काढायचे. माल पोहोचतो, पावतीवरचे वजन जुळते, पण आतले धान्य आठवड्याभरात बुरशी धरते. दुधाच्या टँकरचे तसेच. ऑगस्ट २०१४ मध्ये तमिळनाडूत ‘आविन’ या सहकारी दूध संघाच्या टँकरमधून वाटेत दूध काढून तेवढेच पाणी ओतण्याचा प्रकार पोलिसांनी उघडकीस आणला. तिथे चोरी आणि भेसळ हे एकाच क्रियेचे दोन भाग होते. टँकरच्या झाकणाला आणि खालच्या तोटीला दोन्हीकडे क्रमांक असलेले सील का लावतात, याचे उत्तर यात आहे.

रेशनचे धान्यही वाटेतच गळते का?

अन्नमालाच्या चोरीत सर्वात गंभीर भाग हाच. अन्नसुरक्षा कायद्याखाली देशात सुमारे ८१ कोटी लोकांना धान्य मिळते. हे धान्य अन्न महामंडळाच्या गोदामातून राज्याच्या गोदामात आणि तिथून रेशन दुकानात ट्रकनेच जाते. महाराष्ट्रात दुकानापर्यंत धान्य पोहोचवण्यासाठी द्वारपोच योजना आहे. या दोन टप्प्यांच्या मध्येच ट्रक दुसरीकडे वळवला तर कागदावर धान्य पोहोचते, दुकानात मात्र ‘या महिन्यात कमी आले’ एवढेच ऐकायला मिळते.

जुलै २०१८ मध्ये नांदेड जिल्ह्यातील कृष्णूर औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी सरकारी धान्याने भरलेले ट्रक पकडले. रेशनचा गहू-तांदूळ खासगी कारखान्यात वळवला जात असल्याचा आरोप होता. तपास पुढे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला, नंतर सक्तवसुली संचालनालयही त्यात उतरले. अशा गुन्ह्यांना जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ लागू होतो आणि त्यात सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेशन वाहनांना जीपीएस बसवण्याची सक्ती याच अनुभवांतून आली. तरीही जीपीएस गाडी कुठे थांबली तेवढे सांगते. थांबलेल्या गाडीतून किती पोती उतरली, ते सांगत नाही.

नुकसान शेवटी कुणाच्या डोक्यावर?

कायद्याने पाहिले तर उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १८६५ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या रस्ता मालवाहतूक कायदा, २००७ नुसार माल हरवला किंवा पोहोचला नाही, तर दाव्यात वाहतूकदाराचा निष्काळजीपणा किंवा गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर नाही. हे मोठे संरक्षण आहे. पण त्याच्या सोबतीला दोन अटी आहेत आणि गल्लत तिथेच होते. माल पाठवताना त्याची किंमत जाहीर केलेली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरतीच राहते. दुसरे, दावा करण्यापूर्वी माल सोपवल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. बिल्टीवर किमतीचा रकाना कोरा सोडण्याची सवय महागात पडते ती अशी.

समजा, ३० हजार रुपये भाड्यावर १० लाखांचा माल पाठवला आणि किंमत लिहिली नाही. माल गेला, तर मर्यादा तीन लाखांची. तीही वाहतूकदार सापडला आणि तो नोंदणीकृत असला तर! गाडी हुंडेकऱ्यामार्फत ठरलेली असेल, तर ‘मी फक्त गाडी मिळवून दिली’ असे म्हणत तो हात वर करतो.

विम्याचीही अशीच गंमत आहे. वाहतुकीतील मालासाठी देशात प्रामुख्याने तीन प्रकारची कलमे वापरली जातात. ‘क’ प्रकारात आग आणि वीज पडणे एवढेच येते, ‘ब’ मध्ये अपघात, गाडी उलटणे वगैरे जोडले जाते आणि ‘अ’ मध्ये सर्व जोखमी, म्हणजे चोरीही. हप्ता कमी म्हणून ‘ब’ घेतलेल्या व्यापाऱ्याला चोरीनंतर कळते, की त्याचा ट्रक उलटला असता तर पैसे मिळाले असते. नाशवंत माल उशीर झाल्यामुळे सडला तर तो बहुतेक पॉलिसींत वगळलेलाच असतो. ट्रक चार दिवसांनी मालासकट सापडला तरी आतला टोमॅटो कुणी भरून देत नाही. आणि शेतकरी स्वतःचा माल बाजारात नेतो तेव्हा तर विमा हा विषयच नसतो.

ट्रकमालकाचेही नुकसान कमी नसते. गाडी गुन्ह्यातला मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहते, न्यायालयातून सोडवून आणेपर्यंत कर्जाचे हप्ते चालूच असतात. प्रामाणिक चालकाला तर आधी संशयित म्हणूनच बसवले जाते.

शिक्षा कोणत्या?

भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मालवाहू वाहन किंवा त्यातील माल चोरल्यास कलम ३०५ नुसार सात वर्षांपर्यंत. वाहतूकदार म्हणून सोपवलेल्या मालाचा अपहार केल्यास कलम ३१६ खाली तेवढीच. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत महामार्गावर जबरी चोरी केल्यास शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाऊ शकते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र पहाटेच्या लिलावात नेहमीच्या भावाने कांदा घेणाऱ्याला तो चोरीचा असल्याचे माहीत होते, हे सिद्ध करणे तपास अधिकाऱ्यासाठी फार अवघड.

चोरीचे अन्न खाण्यास सुरक्षित असते का?

शीतवाहक ट्रकचे तापमान चोर सांभाळत बसत नाहीत. मांस, मासे, दूध, आइस्क्रीम काही तासांत बिघडते, पुन्हा गोठवले की वरून ठीक दिसते. दुसरा धोका खुणा पुसल्या जाण्याचा. पाकिटबंद अन्नावर गट क्रमांक असतो, तो कंपनीने सदोष माल बाजारातून परत बोलावण्यासाठी. टुलारेच्या पिस्त्यांसारखा माल नव्या पिशव्यांत गेला, की कुठल्या पोत्यात काय होते हे शोधणे अशक्य. म्हणूनच अमेरिकेत सील तुटलेला खाद्यमाल सापडला तरी कंपन्या अनेकदा तो विकण्याऐवजी नष्ट करतात.

मग बचाव कसा करता येतो?

तंत्रज्ञान आहे. फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झालेला फास्टॅग ही आज तपासातील पहिली पायरी ठरते. ट्रकने शेवटचा टोलनाका किती वाजता ओलांडला, हे त्यातून लगेच कळते. अर्थात चोर टोल चुकवणारे रस्ते जाणतात. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक धोरणासोबत आलेल्या ‘युलिप’ या सरकारी व्यासपीठावरून गाडीची नोंदणी, चालकाचा परवाना आणि टोलची नोंद एकत्र पडताळता येते. मोठ्या कंपन्या ते वापरतात. लासलगावचा छोटा व्यापारी किंवा जुन्नरचा शेतकरी मात्र अजून फोटोवरच भागवतो.

त्याच्यासाठी उपयोगी गोष्टी साध्या आहेत. परिवहन खात्याच्या ‘एम-परिवहन’ अ‍ॅपवर क्रमांक टाकून गाडीचा प्रकार आणि मालकाच्या नावाची अद्याक्षरे मिळतात. समोर दहा चाकी ट्रक आणि अ‍ॅपवर पिकअप दिसत असेल, तर माल चढवायला सुरुवातच करू नये. चासी क्रमांक प्रत्यक्ष पाहावा. माल भरतानाचा, गाडी आणि चालक एकत्र दिसतील असा फोटो काढून ठेवावा. बिल्टीवर मालाची किंमत लिहून घ्यावी. वाटेत ‘पत्ता बदलला’ असा फोन आला तर चालकाने आधी ज्या क्रमांकावरून गाडी ठरली, त्यावर उलट फोन करून खात्री करावी, आणि हे त्याला निघतानाच सांगून ठेवावे.

ब्रिटनमध्ये वाहतूकदारांच्या संघटना गेली काही वर्षे एक वेगळीच मागणी करत आहेत. मालचोरीला पोलिसांच्या नोंदीत स्वतंत्र गुन्हा क्रमांक द्या. आज तिथे लाखो पौंडांचा भरलेला ट्रक गेला तरी तो ‘वाहनातून चोरी’ या रकान्यात, कुणाच्या मोटारीतून बॅग गेल्याच्या शेजारी बसतो. भारतातही ट्रक एका राज्यात भरतो, दुसऱ्यात गायब होतो आणि तिसऱ्यात रिकामा सापडतो, तेव्हा तक्रार कुठल्या पोलीस ठाण्यात द्यायची यातच पहिले दोन दिवस जात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेमुळे १ जुलै २०२४ पासून ‘झीरो एफआयआर’ला कायद्याचा आधार मिळाला आहे. घटना कुठेही घडली असली तरी जवळच्या पोलीस ठाण्याने गुन्हा नोंदवून तो संबंधित हद्दीत पाठवायचा आहे. कांद्याचा ट्रक वेळेत पोहोचला नाही तर नाशिकच्या व्यापाऱ्याला आता सोनभद्र गाठायची गरज नाही; माल भरला त्या बाजाराजवळच्या ठाण्यातही तो त्याच दिवशी तक्रार देऊ शकतो.